दगडूचे मांडे आणि माझं तत्त्व

माझ्याबद्दलचं बरंच काही मी स्वतःच छापून मोकळा झालो आहे. तुरुंगातल्या भाकरीत खडे किती निघाले, ते छापलं. मामाने विलायती कापडाचा कोट शिवला तेव्हा मी त्याच्या घरून पाणीही न पिता कसा परतलो, ते तर दोनदा छापलं. पण एक गोष्ट आहे—ती आजवर तोंडातून निघालेली नाही. आईजवळ नाही. तुरुंगात शेजारच्या चटईवरच्या माणसाजवळही नाही, आणि तिथे तर माणसं वेळ जावा म्हणून वाटेल ते सांगतात.

तुम्ही म्हणाल, असं केलंस तरी काय? खून? चोरी? नाही हो. मी सायकल चालवली. म्हणजे—बऱ्याच अंतरापर्यंत चालवली. बाकीच्या अंतराचं—थांबा, ते क्रमाने येऊ द्या.

आधी हे समजून घ्या की मी पत्रकांवर वाढलेला माणूस आहे. माझा थोरला चुलतभाऊ बंदी असलेली पत्रकं ज्वारीच्या कणगीत लपवायचा, आणि मला अक्षरओळख झाली ती त्या कणगीत. ‘कमळ’ वाचता येण्याआधी मला ‘बंधुभगिनींनो’ वाचता येत होतं. त्यातून एक खोड लागली. कुठलंही काम हातात घेतलं की आधी त्याचं पत्रक काढायचं. काम मागून झालं तर झालं.

दुसरं महायुद्ध सुरू होण्याच्या आधीच्या हिवाळ्यात आमच्या जळगावच्या तरुण मंडळाने सायकल-फेरी काढायची ठरवली. पहाटे जळगाव सोडायचं, धरणगाव, अमळनेर करत दिवस मावळायच्या आत धुळं गाठायचं. रस्ता कुठे खडीचा, कुठे मुरमाचा, कुठे नुसती गाडवाट. गिरणेच्या पात्रात तर सायकल खांद्यावर घेऊन उतरायचं. जो पोहोचेल त्याला मंडळाचा पितळी बिल्ला. एवढंच राहिलं असतं तर सगळं ठीक झालं असतं. पण पत्रक मी लिहिलं.

पत्रकात मी नियम घातला की फेरीत कोणीही कोणाची मदत घ्यायची नाही. भाकरी आपली, पंप आपला, ठिगळ आपलं. पाणीसुद्धा आपल्या दोरी-तांब्याने विहिरीतून आपणच काढायचं. दुसऱ्याच्या हातचं काही घेतलं की तो बाद. ‘ज्यांना स्वतःचं पंक्चर काढता येत नाही ते स्वराज्य काय चालवणार?’ असं एक वाक्य त्यात होतं. खरं सांगू? ते वाक्य मला अजून आवडतं.

मंडळाचा चिटणीस होता कासम. त्याच्या वडिलांचं कल्हईचं दुकान. त्याने पत्रक शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाला, “म्हणजे कोणाच्या हातचं पाणी प्यायचं नाही. हे आमच्या गल्लीतले शास्त्रीबुवा कधीपासून सांगतायत. त्यांना त्यासाठी छापखान्यात जावं लागलं नाही.”

मी त्याला उत्तर दिलं. पुष्कळ वेळ दिलं. त्यात त्याच्या प्रश्नाचं उत्तर सोडून बाकी सगळं होतं.

आता दगडू. दगडू असोद्याचा, केळी-कापसाच्या घरातला, मॅट्रिकच्या वर्गात माझ्याच बाकावर. त्याला ओव्हरसियर होऊन रस्ते बांधायचे होते. खानदेशात सायकल चालवणाऱ्या कोणालाही तसंच वाटलं असतं म्हणा. पण त्याच्या वडिलांना, आबांना, शाळा म्हणजे सायकलवरून उंडारण्याचं निमित्त वाटायचं. शेवटी बापलेकांत करार झाला. आबा म्हणाले, “तो बिल्ला घीसन ये, मंग परीक्षेपावतर तुले कोनी काही म्हननार नाही. नाही तं उद्यापासून केळीत.” आणि आबा म्हणजे शब्दाला जागणारा माणूस. असली माणसं किती तापदायक असतात, ते तुम्हाला माहीतच असेल.

हा करार मला माहीत होता. हे मुद्दाम सांगतो. मला माहीत होता.

निघालो. धरणगावपर्यंत मी आणि दगडू बरोबर होतो. गावाच्या तोंडाशी त्याची बहीण, अक्का, वाट अडवून उभी. हातात ओवाळणीचं ताट, शेजारी झाकलेली परात. फेरीच्या सरावापायी दगडू भाऊबीजेला गेला नव्हता, आणि भाऊ तिच्या दारावरून जाणार ही बातमी तिला लागली होती. भाऊबीज चुकवलेल्या भावाने बहिणीच्या गावातून तसंच पुढे जायचं? सांगा, आपल्याकडे कोणाची छाती आहे? दगडू गुपचूप उतरला. तिने त्याला रस्त्यातच पाटावर बसवून ओवाळलं आणि परातीवरचं फडकं काढलं. खापरावरचे मांडे. पुरणाचे, तूप सोडलेले, घडी घातलेल्या उपरण्याएवढे.

“तुमी बी बसा ना, भाऊ,” अक्का मला म्हणाल्या.

मी हात जोडून नियम सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला. मग विचारलं, “कोनी वारलं का तुमच्या घरी?”

दगडूला इतका ठसका लागला की घास बाहेर आला. मी ताठ मानेने सायकलवर बसलो आणि निघालो. त्या क्षणी मला जितकं थोर वाटलं, तितकं पुढे तुरुंगात जातानाही वाटलं नाही. फक्त तुपाचा वास बराच लांबपर्यंत बरोबर आला.

अमळनेर ओलांडलं आणि बाभळीच्या काट्याने पुढचं चाक बसलं. ते मी दुरुस्त केलं. थोड्या वेळाने मागचं बसलं. आता ठिगळ काढायला पिशवीत हात घातला तर—काय निघावं? पत्रकं. वाटेतल्या गावांत वाटायला मी दोन गठ्ठे घेतले होते, आणि त्यांना जागा व्हावी म्हणून एक सोडून बाकीची ठिगळं घरीच काढून ठेवली होती. ज्याने नियम लिहिला, त्याच्याजवळ ठिगळ एकच होतं.

तेवढ्यात मागून दगडू आला. पोटभर जेवलेला माणूस किती हलका चालतो, ते मी तेव्हा पाहिलं. माझी दशा बघून त्याने लगेच आपली डबी पुढे केली.

“घे, चिटकव.”

“नियम आहे,” मी म्हणालो.

“अरे, कोन पाहू राह्यलं इथं?”

“मी पाहतोय,” मी म्हणालो.

बघा, काय वाक्य आहे. पत्रकात शोभावं असं. दगडूने डोकं खाजवलं, “धन्य आहे बाप्पा,” म्हणाला आणि गेला. तो दिसेनासा होईपर्यंत मी ताठ उभा राहिलो. मग टायर सोडलं आणि त्यात माझी पत्रकं कोंबली. होय, स्वावलंबनावरची पत्रकं—दोन्ही गठ्ठे. गवत भरून सायकल चालवतात हे ऐकलं होतं. विचार भरून का चालू नये? फर्लांगभर चालली. मग विचारांचा लगदा झाला, टायर रिमवरून उतरलं, आणि मी सायकल खांद्यावर घेऊन चालू लागलो. ऊन डोक्यावर. आणलेली भाकरी केव्हाच संपलेली. मागे-पुढे चिटपाखरू नाही.

आता ते येतं आहे—जे सांगायला मी इतका वेळ धुळ्याच्या वाटेवर तुम्हाला हिंडवतो आहे.

मागून एक लॉरी आली. कापसाची, धुळ्याच्या जिनिंगला चाललेली. ड्रायव्हरने माझ्याजवळ आणून थांबवली, मान बाहेर काढून मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, “काय भाऊ, सायकल तुनावर बसेल शे का तू सायकलवर?”

मी त्याला स्वावलंबन म्हणजे काय ते समजावलं. मनापासून समजावलं. स्वराज्यापर्यंत नेलं. तो विडी ओढत ऐकत होता. विडी संपल्यावर म्हणाला, “बरं. मंग चाल पायी,” आणि लॉरी पुढे काढली.

मी तिच्यामागे धावलो. सायकलसकट धावलो. “भाऊ, थांबा हो,” म्हणून ओरडत धावलो. हे चित्र तुम्ही डोळ्यांपुढे आणा. मी रोज आणतो.

कापसावर चढून मी पालथा पडलो. मऊ होतं. फार मऊ होतं—हे सांगायची गरज नाही, पण कबूलच करायचं तर सगळंच करू. काही वेळाने लॉरीने भोंगा दिला. मी कापसातून डोळे काढून खाली पाहिलं. रस्त्याच्या कडेला दगडू उतरून उभा होता, आमची धूळ खात, उपरण्याने तोंड पुसत. लॉरीला वाट करून दिल्यावर त्याने ड्रायव्हरला हात केला. मी डोकं आत घेतलं. कापसात—थेट कानांपर्यंत.

धुळ्याच्या अलीकडे ड्रायव्हरने मला उतरवलं. माझं चाक बघून कीव आली म्हणून आपल्याजवळचं ठिगळ लावून हवाही भरून दिली. मी त्याला नको म्हटलं नाही. एकदा बुडालो होतो. टाच कोरडी ठेवून काय करायचं होतं? मग मी एका नाल्यात लपून बसलो. कारण पहिला येणं बरं दिसलं नसतं. दगडू आणि आणखी दोघे वरून गेले, तेव्हा मी निघालो आणि बेताचा, सभ्य असा चौथा आलो.

धुळ्याला धर्मशाळेच्या अंगणात कासम बसला होता. येणाऱ्या प्रत्येकाला तो एकच प्रश्न विचारायचा: वाटेत कोणाची मदत घेतली? हा प्रश्नही पत्रकातलाच, म्हणजे माझाच. माझ्या कॉलरवरचा कापूस काढत त्याने मला तो विचारला.

“कोणाचीही नाही,” मी म्हणालो.

एवढंच. तेवढं म्हणायला काहीच लागलं नाही. शेजारी उभ्या दगडूने माझी पाठ थोपटली. “चिटकवलं का रे शेवटी?” त्याला इतका आनंद झाला होता की मला मान हलवावी लागली.

मग कासम म्हणाला की दगडूचा एक प्रश्न आहे. त्याने आल्या आल्याच सांगून टाकलं होतं की धरणगावला बहिणीकडे मांडे खाल्ले. किती खाल्ले, असं विचारल्यावर म्हणाला, “तिनं मोजू कुठं दिलं?” सगळे हसले. कासमही हसला. बहिणीने ओवाळलं ती मदत नव्हे, द्या बिल्ला—असं दोघा-तिघांनी म्हटलंही. मागच्या बाजूला आबा बसले होते, लेकाचा बिल्ला बघायला सर्व्हिस मोटारीने आलेले, डोक्याला नवं पागोटं.

मी गप्प बसलो असतो तर बिल्ला मिळाला असता. फक्त गप्प. त्या दिवशी मी एवढी कामं केली, हे एक जमलं नाही.

मी उठलो. बोललो. आज बहिणीचे मांडे, उद्या मेव्हण्याची बैलगाडी, परवा कोणाची मोटार—असं मी म्हणालो. होय, मोटार म्हणालो. कुठून आलं ते तोंडात, मला विचारू नका. नियमाला नातं नसतं, म्हणालो. हात इतके हलवत होतो की बाहीतून कापूस उडत होता. भाषण उत्तम झालं. मी भ्यालो होतो म्हणून बोललो असं मनाशी म्हणत आलो, पण तेही पूर्ण खरं नाही. बोलता बोलता मला आवडत गेलं. लोक ऐकत होते.

हात वर करून मतं घेतली. दगडू बाद झाला. कासमने हात वर केला नाही.

आबा उठून माझ्याजवळ आले. मला वाटलं, मारतात. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “तुहं बरोबर हाये, पोरा. नियम म्हंजे नियम.” मग लेकाला म्हणाले, “चाल.” दगडू जाताना म्हणाला, “मांडे मात्र चांगले होते,” आणि पुन्हा हशा झाला. सोमवारपासून बाकावर माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली.

गेल्या वर्षी असोद्याला माझं व्याख्यान ठेवलं होतं. विषय—सत्य. केळी विकून आलेल्या पैशातून दगडूनेच ठेवलं होतं. माझी ओळखही त्यानेच करून दिली. लोकांना म्हणाला, “हा मानूस दोस्तालेही सोडत नाही. मले बाद केलं यानं, माह्या तोंडावर. असा एक मानूस आपल्या ओळखीचा हाये, हे काय कमी हाये का?” लोकांनी टाळ्या वाजवल्या. दगडूने माझ्या गळ्यात हार घातला आणि मी तो घालून घेतला. मग तासभर सत्यावर बोललो. तेही चांगलं झालं.

माझं छापलेलं प्रत्येक पान असोद्याला जातं. आबांना आता नीट दिसत नाही. केळीतून आल्यावर दगडू त्यांना मोठ्याने वाचून दाखवतो, एक ओळही गाळत नाही. हेही दाखवील.