म्हैस आणि एक क्रियापद

थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन रेवदंड्याहून अलिबागच्या रिक्षात बसलं की कुणीतरी विचारतंच, आज काय मिळालं, सुरमई का? सुरुवातीला मी खरं सांगायचे. डब्यात म्हशीचं दूध आहे, बर्फात ठेवलेल्या नळ्यांमध्ये, आणि ते मी मुंबईच्या प्रयोगशाळेत नेतेय. मग चौलपर्यंत प्रश्नच प्रश्न, आणि शेवटी शेजारची बाई तोंड वाकडं करून म्हणायची, दुधाला एवढा बर्फ? हल्ली मी सरळ ‘पापलेट’ म्हणते आणि मोकळी होते. बर्फ मासळीवाल्यांकडूनच घेतलेला असतो, डब्याला वासही तोच येतो, त्यामुळे कुणाला शंका येत नाही.

मी जनावरांची डॉक्टर. पदवी झाली आणि आता जनावरांची औषधं आणि विषं या विषयात पीएच.डी. करतेय. आमच्या विभागाच्या नावातच हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी बसलेत. माणगावजवळच्या आमच्या गावात आई मात्र सगळ्यांना सांगते की पोरगी औषधांचं शिकते. विष ती गाळते. स्थळं बघायला येणाऱ्यांसमोर विषाचा विषय काढणं तिला बरं वाटत नाही, आणि मीही तिला अडवत नाही. आलेल्या स्थळांपैकी एक-दोघांना खरं तर मीच विषाचं सांगायला हवं होतं.

माझं काम सांगायला सोपं आहे. गोचीड घालवायला म्हशीच्या अंगाला जी औषधं लावतात, त्यातलं किती दुधात उतरतं आणि किती दिवस राहतं, ते मोजायचं. त्यासाठी रेवदंड्याच्या आसपासची काही घरं मी धरली होती. आठवड्यातून एकदा जायचं, दूध घ्यायचं, म्हशीच्या कानात, मानेखाली, शेपटीच्या बुडाशी गोचीड किती आहेत ते बघायचं. म्हशीला शेपटी उचललेली आवडत नाही. ती तसं स्पष्ट सांगते, आणि माझ्या पोटऱ्यांवर त्याच्या खुणा आहेत. तरी मला हे काम मनापासून आवडतं. वर्गात बसून शिकलेलं सगळं इथे शेण आणि दुधाच्या वासात खरं होताना दिसतं, आणि त्यात मला सुख वाटतं. दुसरा शब्द मला सापडत नाही.

त्या घरांपैकी एक काकींचं. काका जाऊन काही वर्षं झालेली, मुलगा पनवेलला, स्वतःचे ट्रक चालवणारा. त्याने तिकडे फ्लॅट घेतला होता, आईसाठी वेगळी खोली ठेवली होती, आणि दर फोनला एकच विचारायचा, कधी येतेस. काकींचं उत्तरही ठरलेलं. म्हैस हाय तवर मी हतंच. मायलेकात हा करारच झाला होता म्हणा ना. म्हैस आहे तोवर काकी गावात, म्हैस गेली की पनवेल. त्यामुळे त्या म्हशीची जितकी सेवा व्हायची तितकी कुणा सासूचीही होत नसेल. काकी तिला ‘बाय’ म्हणायच्या. मलाही ‘बाय’च म्हणायच्या. अंगणातून ‘गो बाय’ अशी हाक आली की आम्ही दोघीही बघायचो.

काकींचा माझ्यावर एकच राग होता. मी त्यांच्याकडे कोरा चहा प्यायचे. दुधात काय काय उतरतं ते रोज मोजणाऱ्या माणसाला दुधाचा चहा घशाखाली उतरत नाही, हे मी त्यांना कसं सांगणार? मी पित्ताचं कारण पुढे केलं होतं. दारात दुभती म्हैस असताना पाहुणीला कोरा चहा द्यायचा म्हणजे त्यांना घराची शोभा झाल्यासारखं वाटे. कप पुढे करताना त्या दर वेळी दुसरीकडे बघायच्या.

थंडी सरत आली होती, तेव्हाची गोष्ट. दुपारी पोचले तर काकी गोठ्याच्या दारात उभ्या, पदर तोंडाशी. म्हैस अंगणात, पाय फाकवून. तोंडातून फेसाच्या तारा लोंबत होत्या, खांद्याची कातडी थरथरत होती, शेण पाण्यासारखं जात होतं, आणि श्वास घेताना छातीतून घरघर ऐकू येत होती. सकाळी चांगली होती, काकी सांगत होत्या, धार देऊन वैरण खाल्ली आणि मग हे सुरू झालं. कुंपणापाशी शेजारणी जमल्या होत्या. कुणी म्हणे नजर लागली, कुणी म्हणे पान लागलं, म्हणजे साप चावला.

मला एकाच गोष्टीचा संशय होता. पिकांवर फवारायचं विष पोटात किंवा अंगात गेलं की जनावर नेमकं असं करतं. त्यात डोळ्यातली बाहुलीही बारीक होते. ती बारीक दिसत होती, पण म्हैस भर उन्हात तोंड करून उभी होती, आणि उन्हात ती तशीही बारीक होते. वासाचाही उपयोग नव्हता, कारण शेजारच्या वाडीत बोंबील सुकत होते आणि त्यापुढे दुसरा कुठलाही वास उभा राहू शकत नाही.

मी काकींना विचारलं, हिला काही औषध दिलं होतं का? नाही म्हणाल्या. नीट आठवा, काल, परवा? नाही. मी दवाखान्याच्या डॉक्टरांना फोन लावला. ते दोन गावं सोडून एका गाईचं अडलेलं वासरू काढत होते. मी लक्षणं सांगितली, त्यांनी ऐकून घेतली आणि म्हणाले की उतारा माझ्याकडे आहे, पण म्हशीला तो भरपूर द्यावा लागतो, आणि विष नसताना दिला तर पोट बंद पडून फुगतं, आधीच दमलेल्या जनावराला ते झेपायचं नाही. औषध गेलंय का ते नक्की विचार, मग मी निघतोच. मी फोन धरूनच काकींना तिसऱ्यांदा विचारलं. आता त्या चिडल्या. देवाची आण घेऊन म्हणाल्या की या म्हशीला मी औषध दिलेलं नाही, माझ्यावर विश्वास नसेल तर विचारू नकोस.

मला रडायला येत होतं. म्हैस डोळ्यांसमोर जात होती आणि तिच्याबरोबर काकींचं हे अंगण, हा चुलीचा धूर, सगळंच जाणार होतं. काहीच सुचेना तेव्हा हाताने सवयीचं काम केलं. मी म्हशीचा कान उलटा केला.

कान स्वच्छ होता. मागच्या आठवड्यात त्या कानात गोचिडांची दाटी होती. मी दुसरा कान बघितला, मग मान, मग शेपटीखाली. एक नाही. तिने लाथही मारली नाही.

"काकी, हिचे गोचीड कुठं गेले?"

"गेले ना सगले," काकी म्हणाल्या. त्या अवस्थेतही त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता. "सकाली औषध मारलं मी."

आमच्याकडे औषध हा एकच शब्द आहे. तापावरचं तेही औषध, भातावर फवारायचं तेही औषध. फरक सगळा क्रियापदात. तापाचं औषध देतात, शेतातलं औषध मारतात. माझे बाबा भातावर औषध मारून आले की अंगणातच आंघोळ केल्याशिवाय आई त्यांना घरात घेत नसे. हा शब्द मी पाळण्यापासून ऐकत आले होते. आणि तीन वेळा मी विचारलं काय, तर औषध दिलं का. काकी तीनही वेळा खरं बोलल्या होत्या. दिलं नव्हतंच. पुतण्याच्या पांढऱ्या कांद्यावर मारून उरलेलं बाटलीत होतं, त्यातलं थोडं बादलीत कालवून त्यांनी फडक्याने म्हशीला चांगलं चोळून लावलं होतं. कांद्यावरची कीड मरते, मग गोचीड का मरणार नाहीत, इतका साधा विचार.

मी फोनवर ओरडले, "सर, औषध मारलंय, अंगाला!" डॉक्टरांनी पुढे काहीच विचारलं नाही. तेही इथलेच. नुसतं, निघालो, म्हणाले.

ते येईपर्यंत आम्ही म्हैस धुतली. आधी मी काकींना हात साबणाने कोपरापर्यंत धुवायला लावले, लुगडं बदलायला लावलं. डोकं जड वाटतं का विचारलं, तर थोडं वाटत होतं म्हणाल्या, चिंतेने असेल. चिंतेचं नव्हतं ते. त्यांना मी माडाखाली वाऱ्याला बसवलं आणि उठायचं नाही अशी तंबी दिली. नजर लागली म्हणणाऱ्या शेजारणींनीच विहिरीचं पाणी ओढलं. हातमोजे घातलेली मी एकटीच, म्हणून अंग चोळायचं काम माझ्याकडे, आणि साबणाचा फेस शेतात जाऊ नये म्हणून चर खणायचं काम सगळ्यात मोठ्याने बोलणाऱ्या शेजारणीकडे. डॉक्टर आले, आम्ही दोघांनी मिळून उतारा भरला, टोचला, थांबलो, पुन्हा टोचला. आधी तोंडाच्या तारा थांबल्या. मग घरघर कमी झाली. उन्हं कलताना तिने बादलीत तोंड घातलं आणि पाणी प्यायली. डॉक्टरांनी आपल्या मांडीवर थाप मारली. मी मात्र काकींच्या गळ्यात पडून रडले, अगदी हमसून.

म्हैस वाचली, तरी काकींचं पनवेल टळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुलगा आला. भला माणूस, आईच्या काळजीने पिळवटलेला. त्याने आईला आधी डॉक्टरकडे नेऊन आणलं, मग शांतपणे समजावलं. आई, तुझ्या हाताला विष लागलं, तू एकटी होतीस. आणि आता या म्हशीचं दूध घेणार कोण? हेही खरंच होतं. म्हशीला विषबाधा झाली ही बातमी गावभर झाली होती आणि काकींकडे येणाऱ्या सगळ्या किटल्या दुसऱ्या घरी वळल्या होत्या. मीच सांगितलं होतं की मी म्हणेपर्यंत हे दूध कुणी प्यायचं नाही. काकी रोज धार काढून ती माडाच्या मुळाशी ओतत होत्या, आणि ओतताना डोळे मिटत होत्या. मुलाने दलालाशी बोलणं करून टाकलं. येत्या रविवारी तो म्हैस बघायला येणार होता. काकी मला म्हणाल्या, "दूध कुनी घेत न्हाय, मंग ती तरी कशाला नि मी तरी कशाला हतं?"

मग मी रोज मांडव्याहून बोटीने तो थर्माकोलचा डबा नेऊ लागले. खरं सांगायचं तर माझ्यातला संशोधक खूश होता. असं दूध मला ठरवून कधीच मिळालं नसतं. कुठल्या म्हशीला मी मुद्दाम विष लावणार होते? पण मशीनसमोर बसले की मला तो आलेख दिसायचा नाही, काकी दिसायच्या. पहिल्या दिवसाचं विषाचं शिखर उंच होतं. मग ते उतरत गेलं. शनिवारी रेघ सपाट आली. माझ्या गाईड बाईंनी चष्मा काढून बघितलं आणि पुन्हा चालवायला सांगितलं. पुन्हा चालवलं, पुन्हा सपाट. मग बाई म्हणाल्या, जा आता, तुझी बोट चुकेल.

रविवारी पोचले तेव्हा मुलगा ओटीवर बसला होता, दलालाचा फोन येऊन गेला होता, तो अलिबागहून निघायच्या बेतात होता. शेजारणी नेहमीप्रमाणे कुंपणाशी. मी सांगितलं की दूध स्वच्छ आहे, दोनदा तपासलंय, विषाचा मागमूस नाही. मुलाने हात जोडले, माझे आभार मानले. मग म्हणाला, "मॅडम, तुमच्या मशीनला कळलं. गावाला कसं कळणार? पिणार कोण?"

त्यात कुचकेपणा नव्हता, म्हणून मला उत्तर देणं भाग होतं.

"काकी," मी म्हटलं, "चहा टाका. दुधाचा."

काकी माझ्याकडे बघतच राहिल्या. मग आत गेल्या. चहा उकळला, आल्याचा वास ओटीपर्यंत आला. त्या कप घेऊन बाहेर आल्या. कप माझ्या हातात देण्याआधी त्या थांबल्या.

"बाय, यात औषध न्हाय ना गो?"

"न्हाय काकी," मी म्हटलं. "दिलेलंबी न्हाय नि मारलेलंबी न्हाय."

आणि सगळ्यांच्या समोर तो चहा मी प्यायले. फार गोड होता. साय तरंगत होती. किती महिन्यांनी दुधाचा चहा पीत होते आणि तो इतका चांगला लागला की मी बशीत ओतून उरलेलाही संपवला. काकी या वेळी दुसरीकडे बघत नव्हत्या. मुलगा माझ्या तोंडाकडे बघत होता, मग रिकाम्या कपाकडे, मग आईकडे. आणि म्हणाला, "मलापन दे." त्याने चहा संपवला, खिशातून फोन काढला आणि दलालाला येऊ नका म्हणून सांगितलं. चर खणणारी शेजारीण घरी गेली आणि किटली घेऊन परत आली.

काकी पनवेलला जाणारच आहेत, चार दिवस, पाहुणी म्हणून. तसं त्यांनी मुलाला तिथल्या तिथे कबूल केलं, आणि बाटलीतलं उरलेलं मारायचं औषध त्याला पुतण्याच्या घरी परत पोचवायलाही लावलं. मग धारेची वेळ झाली. त्यांनी चरवी उचलली, अंगणात उतरल्या आणि हाक मारली, "चल गो बाय." आम्ही दोघींनीही माना वळवल्या.