मालिका लागली, गोळी घे!

रुक्सानाआपाच्या शिलाई मशीनीखाली चिंध्या साठतात ना, तसे आमच्या गल्लीत किस्से साठतात. झाडून काढावेत तर दुसऱ्या दिवशी परत तेवढेच! आपा ब्लाऊज शिवते, आम्ही बाया भवती बसतो, आणि एकीनं तोंड उघडलं की दुसरीला आठवतं. पण गेल्या साली झाले तेवढे किस्से माझ्या उभ्या जन्मात झाले नसतील. आणि सगळे एकाच गोष्टीचे! माझ्या नातसुनेच्या, वैशालीच्या गोळ्यांचे. पाळणा लांबवायच्या गोळ्या.

वैशाली कंधारची. माझ्या नातवाला, दत्ताला दिली. दत्ता इथं उदगीरला आडतीवर कामाला हाय. पोरीला पोलिसात जायचं होतं. वय संपत आलेलं, भरतीची ही शेवटची संधी. पोट राहिलं की मैदान गेलं, अन् मैदान गेलं की वर्दी गेली! तिकडं माझी सून सुमन, म्हणजे दत्ताची आई. तिला नातू पाहिजे होता, अन् तोही आजच! झालं, घरातच सामना लागला.

*

सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरकडं वैशालीला मीच घेऊन गेले. सिस्टरनं बीपी बघितलं अन् मग चौकशी सुरू. अर्धशिशी हाय का? डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढं चमकतं का? रक्ताची गाठ झाली होती का कधी? टीबीच्या, फिटच्या गोळ्या चालू हायत का? पोरगी सगळ्याला "न्हाई, न्हाई" म्हणत गेली.

"बिडी-सिगारेट?"

"न्हाई."

सिस्टर हळूच माझ्याकडं बघायला लागली. कमरेला खोचलेलं बंडल दिसलं असंल!

"आजी, पस्तिशीच्या वरच्या बिडीवाल्या बाईला ही गोळी आम्ही देतच न्हाई."

मी म्हणलं, "नका देऊ माय! म्हातारा जाऊन जमाना झाला. मी गोळी खाऊन काय करू?"

*

रुक्सानाआपाची सून शबाना. तिचं लेकरू आता पळायला लागलंय, तिलाही गोळी पाहिजे होती. पण दवाखान्यात जायची लाज! तिनं डोकं चालवलं अन् वैशालीच्या कानात म्हणाली, "दोघींत एक पाकीट घेऊ. आज तू, उद्या मी."

हे सिस्टरच्या कानावर गेलं. ती तशीच आपाच्या मशीनीपुढं येऊन उभी राहिली.

"रिक्षा हाय का वं वाटून घ्यायला? रोज एक गोळी, एकीनंच, एकाच टायमाला! एक दिवसाआड खाल्ली तर दोघींचे पाळणे संगंच हालतील!"

आपानं मशीन थांबवली न्हाई की मान वर केली न्हाई. म्हणाली, "चालतंय की. मंडपवाला एकच सांगू!"

शबाना त्याच दिवशी जाऊन आपलं वेगळं पाकीट घेऊन आली.

*

मग आली एकादशी. सुमननं फर्मान काढलं, "उपवासाला गोळी चालत न्हाई!" वैशाली गरीब गाय, राहिली तशीच. सकाळी उठली अन् रडवेली होऊन सिस्टरकडं पळाली.

सिस्टर म्हणाली, "आठवली तशी घे. आजची आजच्या टायमाला घे. एक चुकली तर बिघडत न्हाई. दोन-तीन चुकल्या तर मात्र पुढचे सात दिवस निरोध वापरावा लागतो."

मी घरी येऊन सुमनला धरलं. "साबुदाणा चालतो, भगर चालती, शेंगदाण्याचा लाडू चालतो, अन् डाळीएवढी गोळी देवाला जड झाली का वं?"

शबाना भिंतीपलीकडून बोलली, "काकू, आमचा अख्खा रमजान निघाला. रोजा सोडला की गोळी. तुमची एक एकादशी का नडून राहिली?"

वैशालीनं मग टाइमच बांधून घेतला. संध्याकाळी सासूची मालिका लागली की हिनं आत जाऊन गोळी घ्यायची. सुमन कुरकुरायची, "माझी मालिका लागली की हिला बरी तहान लागती!"

एक दिवस वैशाली पळायची प्रॅक्टिस करून उशिरा आली अन् अंगणात पाय धुवत बसली. आत मालिकेचं गाणं सुरू झालं. आणि आमची सुमन खिडकीतून अशी वरडली की गल्लीनं ऐकलं,

"वैशाले! मालिका लागली, गोळी घे!"

मग कपाळावर हात मारून घेतला. "माझ्याच तोंडानं माझा नातू लांबवला की वं माय!"

*

आखाडात वैशाली माहेरी गेली. कंधारला पोचून पिशवी उघडती तर पाकीट उदगीरलाच! लगेच दत्ताला फोन. दत्तानं आडतीवर पोतं तसंच टाकलं, मोटारसायकल काढली अन् दिवे लागायच्या आत सासरवाडीत हजर! पाकीट रुमालात गुंडाळलेलं.

वैशालीच्या बापाला काय ठाऊक? त्याला वाटलं, जावयाला एक दिवस करमलं न्हाई. "लई जीव हाय पोरीवर!" म्हणून कोंबडा कापला. जेवायला चार भाऊबंद बोलावले.

वैशालीच्या मायला सगळं माहीत. ती ताटात रस्सा वाढता वाढता लेकीला हळूच म्हणाली, "पुढच्या खेपेला बी इसरून ये. तेवढाच जावई दिसतो."

*

त्या पाकिटात शेवटच्या सात गोळ्या काळपट असतात, लोहाच्या. सुमनला चक्कर यायची. वैशालीनं मोठ्या मनानं त्या सातही सासूला दिल्या अन् आपण लगेच नव्या पाकिटातल्या पांढऱ्या सुरू केल्या.

त्या महिन्यात पाळी आलीच न्हाई!

वैशाली पांढरी फटक. बूट काढून पत्र्याच्या पेटीत टाकले. "आजी, गेलं वं माझं मैदान," म्हणून माझ्या मांडीवर डोकं टेकवलं. आणि सुमन? तिच्या अंगात हत्तीचं बळ आलं! "गोळीला पुरून उरला माझा नातू!" म्हणत गल्लीभर पेढे वाटले.

सिस्टरनं तपासलं. काहीच न्हाई! सगळी हकीकत ऐकून ती खुर्चीत बसून हसायला लागली.

"अगं, पांढऱ्या गोळ्या थांबल्या की पाळी येती. तू थांबलीसच न्हाई, तर येणार कुठून? ह्यात धोका काही न्हाई. पण पुढच्या खेपेला आपल्या गोळ्या आपण खाव्यात!"

वैशाली तिथून पळतच घरी आली अन् पेटीतले बूट काढले. सुमन मात्र डोकं धरून बसली, "आता पेढ्यांचं काय सांगू वं लोकांना?"

दत्ता म्हणाला, "सांग की, सोयाबीनला भाव आला म्हणून."

त्यावर तर गल्लीत कुणाचाच इश्वास बसला न्हाई!

*

भरती लातूरला होती. मी अन् सुमन फाटकाबाहेर गर्दीत उभ्या. आत सोडत नव्हते. सुमन दोन्ही हातांनी जाळी धरून उभी. शिट्टी वाजली, पोरी सुटल्या. आमची मागं होती. मग मधी आली. मग तर काय सांगू! वाऱ्यावर वेणी अन् मागं पोरींची रांग! सुमन अशी वरडून राहिली होती की हवालदारानं दोनदा येऊन दम दिला. "दे दम," म्हणाली, "उद्या माझी सून तुला दम देईल!"

निकाल लागला. वैशालीचं नाव लागलं! आपानं मशीन बंद केली अन् गल्लीभर शिरखुर्मा वाटला.

ट्रेनिंगला जायच्या आदल्या दिवशी सुमननं लाडू बांधले, चिवडा केला, मग डोक्यावरून पदर घेतला अन् मला म्हणाली, "चला आत्याबाई, चौकात जाऊन येऊ."

चौकातल्या मेडिकलवर बाजारच्या दिवसाची गर्दी. आडते, हमाल, गावाकडचे पाव्हणे, दत्ताचा शेठसुद्धा. मला वाटलं, हिला चक्करेची गोळी पाहिजे असंल. तर सुमन सगळ्यांना बाजूला सारत पुढं गेली अन् खणखणीत आवाजात म्हणाली,

"पाळणा लांबवायच्या गोळ्या दे रं! रिकामं पाकीट आणलंय, असल्याच पाहिजेत. ट्रेनिंग संपेस्तोवर पुरतील एवढ्या दे."

मेडिकलवाल्या गणूचे कान लाल झाले. त्यानं मान खाली घालून पाकिटं काढली, घाईघाईनं जुन्या पेपरात बांधायला लागला. सुमननं त्याचा हातच धरला.

"कागदात कशाला लपवून राहिलास रं? पोलिसाच्या घरात चोरीचा माल जात न्हाई!"