वहीत न आलेलं गाणं

आमच्या बोरिवलीच्या शाळेत नववीला आदिवासी भाषा, साहित्य आणि संस्कृती हा विषय सुरू झाला आणि मी मराठी शिकवते म्हणून तो माझ्याच गळ्यात पडला. वारली बोलीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. उत्सुकता मात्र दांडगी होती. शाळेपासून रिक्षाने वीस मिनिटांवर जंगलात वारल्यांचे पाडे आहेत आणि मी इतकी वर्षं इथे राहून तिथे कधी पाऊल ठेवलं नव्हतं, याची लाजही वाटत होती.

माझे वडील गिरणीत होते, घरात मालवणी. पहिलीत मी एकदा मालवणीत उत्तर दिलं तेव्हा बाईंनी सगळ्या वर्गासमोर मला गप्प केलं होतं. आता कुणाची तरी घरची बोली शाळेत शिकवायची म्हटल्यावर मला कोण आनंद झाला!

वर्गात पाड्यावरची एकच मुलगी. मी एका तासात दहा वेळा तिला उभी करायचे. नदीला काय म्हणता, उंदराची गोष्ट कशी सांगता? ती हळू आवाजात सांगायची आणि मी मुलांच्या आधी लिहून घ्यायचे.

वर्षाअखेरीस मी वीस गुणांचा प्रकल्प दिला. एक वारली गाणं मिळवा, वहीत लिहा, अर्थ सांगा. हिला तर हे सोपंच, असं मी धरून चालले. तिची आत्या धवलेरी होती. वारल्यांच्यात लग्न लावणारी बाई ती धवलेरी. ती गाणी म्हणते आणि लग्न लागतं.

बाकीच्यांनी इंटरनेटवरून उतरवलेली गाणी आणली. हिच्या वहीला छान कव्हर होतं, पहिल्या पानावर 'लग्नाचं गाणं' असं सुबक अक्षरात लिहिलं होतं आणि पुढची सगळी पानं कोरी.

आत्या सांगत नाही, ती म्हणाली. का, तर सध्या पाड्यावर लग्न नाही. मला वाटलं, टाळाटाळ चालली आहे. माझा पारा चढला आणि कोऱ्या वहीला शून्य मिळतं, असं मी वर्गासमोर सुनावलं. हे गुण गेले तर ती विषयात नापास होणार होती. ते तिलाही माहीत होतं.

शनिवारी मी पाड्यावर गेले. खरं सांगायचं तर तिच्यासाठी कमी आणि माझ्या कुतूहलापोटी जास्त. आत्याने खाटेवर बसवलं, कोरा चहा दिला. ती स्वतः एका म्हाताऱ्या धवलेरीच्या मागे लग्नालग्नांत फिरून कशी शिकली, चौक, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरचं पांढरं चित्र, कोण लिहितं, सगळं हातचं न राखता सांगितलं. मग मी फोन काढला. दोनच ओळी म्हणा, पोरीच्या गुणांसाठी, असं म्हटलं.

आत्या हसली. "बाई, ते गाणं म्हटलं की लग्न लागतं. कुणाचं लावू, सांगा."

मी फोन पर्समध्ये टाकला. मुलगी दारात उभी होती. तिला विचारलं, तुला येतं का ते गाणं? येतं म्हणाली.

"मग लिहिलं का नाहीस?"

"मी धवलेरी नाही ना, बाई."

गाणं पाठ असून ती माझं शून्य मुकाट्याने घेऊन बसली होती. वर्षभर संस्कृती शिकवत होते मी! मला स्वतःचा भयंकर राग आला.

गुण पाठवायच्या आदल्या आठवड्यात पाड्यावर लग्न निघालं. आत्याने मला बोलावणं धाडलं. दुपारभर मी चौकासमोर मांडी घालून बसले. आत्या गात होती, मुलगी माझ्या कानाशी ओळीमागून ओळ अर्थ सांगत होती, कुठेही न अडखळता. मी काहीच लिहून घेतलं नाही.

निघताना तिने विचारलं, "बाई, वही अजून कोरीच आहे. शून्यच राहणार का?"

सोमवारी मी त्याच वर्गासमोर उभी राहिले आणि माझं चुकलं हे सगळ्यांना सांगितलं. मग तिची वही घेतली आणि कोऱ्या पानावर वीसपैकी वीस लिहिले. खाली शेरा दिला, "बाईंनी गाणं ऐकलं."