अक्रोडाचे हात

नवऱ्याच्या ऑफिसातल्या सहकाऱ्याची आई नागानोला राहते. तिच्या परसात अक्रोडाची झाडं आहेत. फळं उतरवली की हिरवी सालं काढायला माणसं लागतात, म्हणून एका रविवारी आम्ही तिघं टोकियोतल्या ओजिमाहून गेलो. आजींनी आल्याआल्या आमच्यापुढे रबरी हातमोजे ठेवले.

मी ते बाजूला सारले. माझं माहेर कोकणातलं. फणस चिरताना आम्ही हाताला खोबरेल चोपडतो, मग चीक चिकटत नाही. पर्समधली बाटली काढून मी माझे आणि आठ वर्षांच्या लेकीचे हात चोपडून घेतले.

"आई, आजी म्हणतात, रंग जात नाही," लेक म्हणाली.

"सांग त्यांना, आम्ही फणसवाले आहोत."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा! ढीग घालून मऊ पाडलेली फळं बुटाखाली घोळवायची आणि उरलेलं साल बोटांनी ओरबाडायचं. चीक कुठला, नुसतं पाणी सुटत होतं. जेवायला उठलो तेव्हा बोटं पिवळी होती. परतीच्या गाडीत ती तपकिरी झाली आणि घरी पोचेपर्यंत चक्क काळी.

एरवी मी हसले असते. पण इथे शाळेत मुलंच आळीपाळीने वर्गाला जेवण वाढतात. मागच्या पाळीला एका मुलाने लेकीच्या हातून सूपची वाटी घेतली नव्हती. "तुझे हात धुतलेले नाहीत," म्हणाला. धुतले होते. आमच्या घरातल्या सगळ्यांसारखे सावळे आहेत, इतकंच. तिने ते जेवताना सहज सांगितलं होतं. उद्यापासून पुन्हा तिचीच पाळी होती.

मी तिला बेसिनपाशी उभं केलं. लिंबू झालं, बेसन झालं, टूथपेस्टही झाली. डाग तसूभर हलला नाही. उद्याची ती वाटी काही डोळ्यांपुढून जात नव्हती.

"अगं, आठवड्याभरात जाईल. पुरे कर आता," नवरा म्हणाला.

"आठवडाभरच पाळी आहे तिची!" मी त्याच्यावर खेकसले आणि आणखी लिंबू आणायला आत गेले.

परत आले तर नळ वाहत होता. भांड्यांची घासणी घेऊन लेक खाली मान घालून घासत होती. रडत नव्हती. अभ्यास करावा तशी मन लावून घासत होती. बोटं झाली, तळवा झाला, मनगट झालं. कोपरापर्यंतचा हात लाल झाला होता.

"आई," तिने वर न बघता विचारलं, "कुठपर्यंत घासायचं?"

डाग मनगटाच्या अलीकडेच संपत होता. मी घासणी तिच्या हातातून काढून घेतली.