आत्याचे पाणी

माझ्या आत्याइतके सातत्याने रागावणारे माणूस तापीच्या दोन्ही काठांवर झाले नसेल. राजपुऱ्यातल्या मुलींच्या शाळेत ती गणित शिकवी आणि उरलेला वेळ रागावण्यात घालवी. राज्यांच्या नव्या सीमा आखल्या गेल्या, नागपूर दुसऱ्या राज्यात गेले, आम्ही भोपाळकडे आलो, तेव्हा ती म्हणाली, "रेघ ओढणाऱ्यांना आधी आपलं पाणी पाजायला हवं होतं." आपलं पाणी म्हणजे लालबागेतल्या जुन्या बादशाही बगिच्यातले, सातपुड्याच्या पोटातून झिरपत येणारे. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला चहाच्या आधी टांग्यात घालून ती तिथे नेई, तिथल्या विहिरीसारख्या खोल कुंडीतले पाणी पोहऱ्याने काढून पाजी आणि त्याच्या चेहऱ्यावरून त्याची लायकी ठरवी. मी रसायनशास्त्राची पदवीधर. ते पाणी तपासून मी तिला सांगितले की त्यात चुन्याचे क्षार आहेत, माणसाची पारख करण्याचा गुण नाही. "क्षार तुझ्या कॉलेजात," ती म्हणाली आणि आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

मला एम.एस्सी.साठी नागपूरला जायचे होते. "परराज्यात कशाला?" असे वडील म्हणत, आत्या तर नागपूरचे नाव निघताच ताट सरकवी. मी तिच्याच शाळेत शिकवावे, हा तिचा हुकूम. अशात अकोल्याचे स्थळ आले. मुलगी पाहण्याचा कार्यक्रमही तिने बागेतच ठेवला. फुलांच्या वाफ्यांमध्ये जाजमावर नटवून बसवलेली मी उन्हापेक्षा अधिक तापले होते. मुलाच्या वडिलांनी पेला एका दमात रिकामा केला. "वा, अमृत आहे," ते म्हणाले. आत्याच्या परीक्षेत इतके गुण आजवर कुणाला मिळाले नव्हते. "मुलगीही पसंत. शिक्षण मात्र आता पुरे. शेवटी वरणच शिजवायचं ना?"

माझे वडील मान डोलावण्याच्या बेतात होते.

"वरण?" आत्या म्हणाली. "या पाण्यात डाळ धड शिजत नाही, भाऊ. क्षार आहेत त्यात. आमच्या पोरीनं तपासलंय. नुसती शिजवणारी हवी, तर दुसरीकडं बघा. टांगा उभाच आहे."

"अक्का, हे काय केलंस?" वडील परतताना म्हणाले.

"हिला नागपूरला धाड. आणि तू हसू नको गं, माझा राग गेला नाही."

स्टेशनवर ती आली नाही. पाण्याने भरलेला फिरकीचा तांब्या तेवढा पाठवला. ते पाणी भुसावळच्या आधीच संपले. आमच्या घरी पातेल्याच्या तळाला पांढरा थर धरे. तो खरवडताना मी चिडत असे. इथे नागपूरच्या प्रयोगशाळेत शुद्ध केलेले पाणी कितीही उकळले तरी तळ लख्ख राहतो, आणि आताशा मला त्या लख्खपणाचाच राग येतो.