मागल्या दाराचं मीठ

"मिठागरातली माणसं आहेत हो ही. यांना उघड्यावरची सवय असते. घरात संडास हवाच कशाला?"

ग्रामपंचायतीच्या कचेरीत बाई हे बोलल्या. ग्रामसेवक भाऊसाहेबांना उद्देशून. बाईंना खुर्ची दिली होती, मी उभी होते. आवाज जरासुद्धा चढला नव्हता. भाऊसाहेब हसले. दारातला शिपाईही हसला.

मी एवढंच म्हटलं, "बाई, भिंत तिथे घे म्हणून तुम्हीच सांगितलं होतंत."

"मी? मी कुठे काही लिहून दिलंय?"

तिथे गप्प राहिले याचा राग मला अजून येतो.

या बाई परक्या असत्या तर मी शिवी हासडून मोकळी झाले असते. पण त्यांनी मला चौथीपर्यंत शिकवलं. पेणच्या खाडीकाठी आमचं गाव. माझे आईबाप मिठागरात राबायचे आणि बाई गावातल्या मोठ्या जमीनदार घरातल्या. माझं अक्षर बघून त्यांनीच आईला सांगितलं, पोरीला शाळेतून काढू नका. म्हणून मी शिकले. हे मी कधी नाकारलं नाही, आजही नाकारत नाही.

हंगामाचं पहिलं मीठ आमच्या घरात कुणी आधी चाखत नसे. एक ओंजळ देवीपुढे आणि एक टोपली बाईंकडे. टोपली डोक्यावर घेऊन मी जायची. पुढच्या ओटीवर पाय ठेवायच्या आत बाई आतून म्हणायच्या, "मागच्या दारानं ये गं." मी वळसा घालून मागे जायची. टोपली पडवीत ठेवायची. बाई वरून हातावर पाणी घालायच्या, कागदावर लाडू द्यायच्या. मला वाटायचं, पाहुणे पुढून येतात, घरची माणसं मागून. मी बाईंच्या घरची आहे. वर्गातल्या पोरींपुढे मी ते मिरवायची.

पुढे लग्न होऊन मी रोह्याला आले. नवरा कंपनीत कंत्राटावर. रोह्याजवळच्या वरसे गावात दोन खोल्यांचं घर घेतलं, आणि आमच्या परसाला लागून जो बंगला आहे तो निवृत्त झालेल्या बाईंचा आहे हे कळलं, तेव्हा मी वेड्यासारखी खूश झाले. मामा अजून मिठागरात आहे. तो दर वर्षी पहिलं मीठ धाडतो. ते मी बाईंकडे नेत राहिले. मागल्या दारानंच.

बाप गेल्यावर आईला इथे आणलं. जन्मभर खारट पाण्यात उभं राहून तिच्या पायांचं पार वाटोळं झालंय. संडास गल्लीच्या टोकाला, चार घरांत मिळून एक. एकदा ती वाटेत पडली. तेव्हापासून तिने पाणी पिणं कमी केलं. तांब्या भरून ठेवला तरी घोटभर प्यायची आणि तहान नाय म्हणायची. जायला लागू नये म्हणून माझी आई तहानलेली राहत होती.

म्हणून घरामागे एक खोली काढायचं ठरवलं. तिला लागून संडास. कायदा साधा होता. मागच्या हद्दीपासून अंतर सोडा, आणि हद्दीला भिंत भिडवायची असेल तर शेजाऱ्याची लेखी संमती आणा. मी अंतर सोडणारच होते. पण बाईच कुंपणावरून म्हणाल्या, "भिडवूनच घे गं. आईला खोली ऐसपैस होईल. सही काय, मी कधीही देईन."

मी विश्वास ठेवला. आमच्याकडे मिठागराचा बांध फुटला तर कुणी कुणाकडे कागद मागत नाही. शब्द दिला की माणूस फावडं घेऊन येतो. मी अर्ज टाकला आणि परवानगी हातात यायच्या आधीच कुंपणाला लागून पाया खणला. पहिल्या दगडाला बाईंनी स्वतः हळदकुंकू लावलं. आईने त्यांना वाकून नमस्कार केला.

आणि खोलीला लागून संडास येतोय हे कळल्यावर त्याच बाईंनी पंचायतीत तक्रार केली. विनापरवाना खोदकाम. त्यांच्या स्वयंपाकघरामागे आमचा संडास नको. मला बोलावणं आलं, आणि कचेरीत काय झालं ते वर सांगितलंच आहे. भाऊसाहेब मला निघताना म्हणाले, बाईंचे पाय धरा, सही आणा, मग बघू.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ते एक वाक्य तेवढं गिळलं. ती उठली, मामाने धाडलेलं मीठ टोपलीत भरायला लागली.

"बाईंना दुखवू नको गो. त्यांच्यामुलं शिकलीस. मीठ घेऊन जा. मागल्या दारानं जा."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी त्या घरची कधीच नव्हते. मी मागल्या दाराची होते.

"नाय आये. आता मागल्या दारानं नाय."

रिकाम्या हातांनी गेले. पुढचं फाटक उघडून घंटी वाजवली. बाईंनी दार उघडलं, मला बघून कपाळाला आठी घातली.

"अगं, मागनं यायचंस ना."

"सही मागायला आले नाय बाई. तुमची सही नको, एवढं सांगायला आले."

त्या आत ये म्हणाल्या नाहीत. मीही थांबले नाही.

कुंपणालगतचा पाया मी आणि नवऱ्याने मिळून बुजवला. कुंकवाचा दगड त्याच मातीत गाडला. आता कायद्याइतकं अंतर सोडून नवा अर्ज केलाय. खोली लहान होईल. खाट आणि आईला वळायला जागा, बस. पण या खोलीला बाईंची सही लागणार नाही. परवानगी अजून आलेली नाही. आली नाही तर ग्रामसभेत उभी राहीन. उघड्यावरची सवय हे शब्द जसेच्या तसे सगळ्यांपुढे म्हणेन, बाईंचं नाव घेऊन. त्या दिवशी जीभ अडखळणार नाही.

मीठ आमच्या चुलीशी ठेवलंय. चव आधी आईने घेतली.