गोधडीवरची शितं

आज गॅलरीत झोपलेल्या मांजरीच्या शेपटीशी भाताचं शीत दिसलं, आणि ते हललं. जंताचा तुकडा होता तो.

अशीच शितं पूर्वी नातवाच्या गोधडीवर सापडायची. माझी तेव्हाची मांजर, मनी, तिथेच झोपायची. "अंथरुणात भात भरवतेस, म्हणून पोराला जंत होतात," असं मी सुनेला पाहुण्यांदेखत ऐकवायचो. तेव्हा नजर धड होती, पण दोषी माणूस आधीच सापडल्यावर कोण वाकून बघतो?

सुनेला फोन करून चूक कबूल केली.

"बाबा, डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, मांजराची पिसू पोटात गेली की हे जंत होतात. मी मनीलाही औषध दिलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही तिला लांब सोडून आला असतात. आई गेल्यापासून तुम्ही तिच्याशीच तर बोलायचात."